सुप्त विषाणूचा शोध आणि एका पालकाचा प्रश्न

जून २०२५ मध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती. सकाळच्या परिपाठात बातम्या वाचण्याची पाळी इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याची होती. त्याने वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले होते. शरीरात लपून बसलेल्या एचआयव्हीच्या विषाणूला बाहेर काढण्याची नवी युक्ती ऑस्ट्रेलियातील संशोधकांना सापडली, अशी ती बातमी होती. मथळ्याच्या अखेरीस प्रश्नचिन्ह होते. मोठ्याने वाचताना ते गळून पडले आणि मैदानावर बसलेल्या मुलांनी ऐकले ते एवढेच, की एड्सवर कायमचा इलाज निघाला.

त्यानंतरच्या पालकभेटीच्या रविवारी एक वयस्कर पालक शिक्षककक्षाच्या दाराशी येऊन थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले गृहस्थ. पाऊसपाण्याचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "गुरुजी, पोरं म्हणतात औषध निघालं. मग चालू गोळ्या बंद केल्या तर चालतील का?" गोळ्या कोणाच्या, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. तसा आम्हांला अधिकारही नव्हता. "एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका," एवढेच आम्ही सांगितले. ते मान हलवून निघून गेले.

उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. 'का' याचा उलगडा न करता दिलेले उत्तर म्हणजे निव्वळ हुकूम होय, आणि हुकूम दुसऱ्या कोणाच्या मोठ्या आवाजापुढे टिकत नाही. उद्या कोणी भोंदू 'मुळासकट बरे करतो' असे म्हणाला तर त्या पालकांच्या हाती काय उरणार होते? आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि पुरावा तपासून पाहणे हा आमच्या विषयाचा प्राण आहे. त्या दृष्टीने या संशोधनाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास आम्ही वाचून काढला. त्यातून जे समजले ते विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गोळ्या काय करतात

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांच्या विचित्र आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सचा लिखित इतिहास तेथून सुरू होतो. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँताग्निए यांच्या गटाने त्याचा विषाणू वेगळा केला. त्याबद्दल या दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८६ मध्ये चेन्नईच्या डॉ. सुनीती सोलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून या विषाणूचा संसर्ग प्रथम उघडकीस आला.

हा विषाणू आपल्या रक्तातील सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. रोगांशी लढणाऱ्या सैन्याला सावध करण्याचे काम याच पेशी करतात. विषाणू पेशीत शिरतो, आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतो. त्यानंतर ती पेशी विषाणू तयार करणारा कारखाना बनते. आजची औषधे या साखळीच्या निरनिराळ्या कड्या तोडतात. १९९६ पासून अशी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणाच्या दारातून माणसे परत येऊ लागली. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतके कमी होतात, की नेहमीच्या तपासणीत ते सापडतही नाहीत. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही हजारो जोडप्यांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

प्रारंभी ही औषधे गरिबांच्या आवाक्याबाहेर होती. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक येई. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा संच ३५० डॉलरना देण्याची तयारी दाखवली आणि जगभरचे चित्र पालटले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हा उपचार मोफत द्यायला आरंभ केला. त्या पालकांच्या हातातील गोळ्यांच्या डबीमागे एवढा इतिहास आहे.

जेथे गोळी पोहोचत नाही

१९९६ च्या सुमारास जाणत्या शास्त्रज्ञांनाही असे वाटले होते, की दोन-तीन वर्षे सलग औषध दिले तर शरीरातील शेवटची बाधित पेशीही मरून जाईल आणि रुग्ण पूर्ण बरा होईल. ती आशा निराधार नव्हती, पण ती खोटी ठरली. १९९७ मध्ये अमेरिकेतील तीन गटांनी, त्यांतील एक बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रॉबर्ट सिलिसियानो यांचा होता, उत्तम उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात विषाणूचा सुप्त साठा दाखवून दिला.

हा साठा असतो कोठे? सीडी-४ पेशींपैकी काही पेशी एखाद्या जंतूशी झुंज देऊन झाल्यावर विश्रांत अवस्थेत जातात. शरीराची ती स्मरणशक्ती असते. त्या वर्षानुवर्षे जगतात. अशा पेशीच्या डीएनएत विषाणूची नक्कल जोडली गेली असेल, तर पेशी झोपते तशी ती नक्कलही झोपते. ती विषाणू तयार करीत नाही, म्हणून औषधाला तेथे तोडायला कडीच नसते. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूची कोणतीही खूण नसते, म्हणून शरीराच्या रक्षक पेशींनाही ती ओळखू येत नाही. अशी बाधित पेशी विश्रांत अवस्थेतील दहा लाख सीडी-४ पेशींमागे साधारण एक असते. संख्या अल्प आहे, पण तिचा क्षय फार मंद आहे. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या गतीने तो आपोआप संपायचा तर साठ वर्षांहून अधिक काळ सतत औषध घ्यावे लागेल, असा हिशेब संशोधकांनी मांडला. शिवाय यांतील काही पेशी स्वतः विभाजित होतात, तेव्हा आतली विषाणूची नक्कलही दुप्पट होते.

म्हणूनच औषध थांबवल्यावर बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. 'अधूनमधून विश्रांती घेतली तर काय बिघडते?' हा प्रश्न एका मोठ्या चाचणीत तपासून झाला आहे. 'स्मार्ट' नावाच्या त्या चाचणीत ५,४७२ रुग्ण सहभागी होते. तपासणीचे आकडे पाहून ज्यांचे औषध मधूनमधून थांबवले, त्या गटात गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका अखंड औषध घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. त्यामुळे २००६ मध्ये ती चाचणी नियोजित मुदतीआधीच थांबवावी लागली.

झोपलेल्याला जागे करणे

मग या झोपलेल्या विषाणूचे करायचे काय? संशोधकांनी एक उलटी वाटणारी कल्पना काढली: त्याला मुद्दाम जागे करायचे. जागा झाला की पेशी विषाणूचे घटक तयार करू लागेल, तिच्यावर खूण उमटेल, आणि मग ती पेशी विषाणूमुळे स्वतः मरेल किंवा शरीराच्या रक्षक पेशी तिला मारतील. सोबत रोजची औषधे चालूच असतील, त्यामुळे बाहेर पडलेला विषाणू नव्या पेशीत घर करू शकणार नाही. इंग्रजीत या मार्गाला 'शॉक अँड किल' म्हणतात. आपण त्याला 'जागवा आणि संपवा' म्हणू.

पुढच्या भेटीच्या रविवारी आम्ही हे त्या पालकांना सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच म्हटले, "म्हणजे पेरणीआधीच्या पाळीसारखं." त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. पहिला पाऊस झाला की जाणता शेतकरी लगेच पेरत नाही. मातीत दडलेले तणाचे बी त्या ओलीवर उगवू देतो, आणि ते वर आले की वखराची पाळी देऊन मोडतो. मातीत पडलेले बी वेचता येत नाही. उगवलेले तण मात्र मोडता येते. या लेखात पुढे आम्ही हीच उपमा वापरणार आहोत. ती त्यांची आहे.

प्रयोगांचा इतिहास

तण उगवायला लावणारा पाऊस कोठून आणायचा? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही संशोधकांनी सगळ्याच टी-पेशींना एकदम चेतवणारी द्रव्ये देऊन पाहिली. त्यांचा विषारी परिणाम इतका तीव्र होता, की तो मार्ग सोडून द्यावा लागला. तण उगवावे म्हणून गाव बुडवणारा पूर चालत नाही.

मग अधिक नेमक्या औषधांचा शोध सुरू झाला. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर त्या भागातील मजकूर पेशीला वाचता येत नाही. ही गुंडाळी सैल करणारी काही औषधे कर्करोगासाठी आधीच तयार झाली होती. २०१२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डेव्हिड मार्गोलिस यांनी त्यांपैकी व्होरिनोस्टॅट हे औषध आठ रुग्णांना दिले. त्यांच्या विश्रांत पेशींत विषाणूचा आरएनए सरासरी ४.८ पट वाढलेला आढळला. झोपलेला विषाणू माणसाच्या शरीरात औषधाने हलवता येतो, याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. पाठोपाठ डेन्मार्कमधील संशोधकांनी पॅनोबिनोस्टॅट आणि रोमिडेप्सिन ही औषधे वापरून तसाच परिणाम दाखवला. रोमिडेप्सिनच्या प्रयोगात तर रक्तातही विषाणूचा आरएनए दिसू लागला.

तथापि या सर्व प्रयोगांचा शेवट एकच झाला. तण उगवले, पण जमिनीतील बी कमी झाले नाही. सुप्त साठा मोजला तेव्हा तो जवळजवळ होता तेवढाच भरला.

ब्रिटनमधील 'रिव्हर' चाचणीत पावसासोबत वखरही जोडून पाहिला गेला. रक्षक पेशींना तरबेज करणारी लस आणि व्होरिनोस्टॅट, अशी दुहेरी योजना होती. ६० जणांपैकी निम्म्यांना केवळ नेहमीचे औषध व निम्म्यांना ही जोड दिली गेली. लसीने रक्षक पेशी वाढल्या, औषधाने अपेक्षित परिणाम केला. पण सुप्त साठ्याच्या बाबतीत दोन्ही गटांत काहीही फरक पडला नाही. हे अपयश संशोधकांनी २०१८ मध्ये परिषदेत स्वतः सांगितले आणि २०२० मध्ये ते छापून प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची इच्छा आहे. आपला प्रयोग फसला हे जगासमोर मांडणारा माणूस आणि आपला उपाय कधीच फसत नाही असे सांगणारा माणूस, या दोघांतील भेद ज्याला कळला, त्याला विज्ञानाचे मर्म कळले.

फसण्याची कारणेही अभ्यासातूनच उमगली. पहिले कारण असे, की सर्व बी एका पावसात उगवत नाही. २०१३ मध्ये सिलिसियानो यांच्या गटाने प्रयोगशाळेत पेशींना जोराने चेतवूनही न जागलेल्या नकला तपासल्या. बहुतेक नकला मोडक्या व निरुपयोगी होत्या, परंतु त्यांतील सुमारे १२ टक्के अखंड आणि पुढे कधीही जागू शकतील अशा होत्या. दुसरे कारण असे, की जागी झालेली पेशी आपोआप मरत नाही. तिसरे कारण रक्षक पेशींचे. दीर्घ आजाराने त्या थकलेल्या असतात आणि त्यांना चकवतील असे बदल विषाणूने आधीच करून ठेवलेले असतात. म्हणजे पाऊस अपुरा आणि वखर बोथट, असा हा दुहेरी पेच आहे.

येथे सामोआ बेटांवरील ममाला वृक्षाची कथा सांगणे अगत्याचे वाटते. तेथील परंपरागत वैद्य या झाडाच्या सालीचा काढा काविळीवर देत. त्या सालीतून वेगळे केलेले प्रोस्ट्राटिन हे द्रव्य सुप्त विषाणूला जागे करते, असे प्रयोगशाळेत आढळले. त्यातून पुढे लाभ झाल्यास सामोआच्या जनतेला वाटा मिळावा, असे करारही झाले. लोकांच्या ज्ञानाचा हा मान योग्यच होय. परंतु साल एचआयव्ही बरा करते, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रोस्ट्राटिन झोपलेल्याला उठवते, मारत नाही. आणि रोजची औषधे बंद असताना त्याला उठवणे म्हणजे वणव्याला वारा घालणे होय. पुढे जाऊन प्रोस्ट्राटिन रुग्णांना देण्याजोगे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही.

अलीकडची पावले

२०२० मध्ये एझेडडी-५५८२ नावाच्या द्रव्याने, औषध चालू असलेल्या उंदरांत व माकडांत, सुप्त विषाणू पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जागा होतो असे दिसून आले. हे उंदीर मानवी पेशी रुजवलेले होते आणि माकडांत एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही विषाणू होता. आमच्या विद्यार्थ्याने वाचलेली बातमी मेलबर्न येथील डोहर्टी संस्थेची होती. कोविडच्या काही लसींत वापरलेल्या एमआरएनएला मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून विश्रांत पेशींत पोहोचवण्यात तेथील संशोधकांना यश आले. पूर्वी या पेशी असे थेंब आत घेतच नसत. त्या एमआरएनएत विषाणूला जागे होण्याचा संकेत लिहिलेला होता आणि त्याने विषाणू जागाही झाला. ही प्रगती खरी आहे. पण ती एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींनी दिलेल्या रक्तातील पेशींवर, प्रयोगशाळेतल्या भांड्यात झालेली आहे. माणसाच्या शरीरात नव्हे.

काही संशोधक याच्या अगदी उलट वाटेने निघाले आहेत. विषाणूला जागे करण्याऐवजी त्याला असे झोपवावे, की औषध थांबले तरी तो उठू नये. कोणता मार्ग मुक्कामी पोहोचेल हे काळच ठरवील.

जे बरे झाले त्यांचे काय

'मग जगात काही लोक बरे झाले ते कसे?' असे वाचक विचारतील. टिमोथी रे ब्राउन हे त्यांतील पहिले. बर्लिनमध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. २००७ व २००८ मध्ये डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्यांच्यात अशा दात्याच्या मूळपेशी रोपण केल्या, ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर-५ हे दारच नव्हते. ब्राउन एचआयव्हीपासून मुक्त झाले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले ते कर्करोग उलटल्याने. त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ येथील आणि आणखी मोजके रुग्ण अशाच रीतीने मुक्त झाले. पण हा उपाय कर्करोगासाठी नाइलाजाने केलेला आणि स्वतःच प्राणघातक ठरू शकणारा आहे. गोळ्यांवर निरोगी जगणाऱ्या कोट्यवधींना तो देता येणार नाही.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील बालिकेची हकीकत अधिक बोलकी आहे. जन्मानंतर सुमारे ३० तासांनी तिला औषधे सुरू झाली. दीड वर्षाची असताना उपचार खंडित झाले, तरी २७ महिने तिच्या रक्तात विषाणू दिसला नाही. जगभर 'बरी झाली' अशा बातम्या छापल्या गेल्या. जुलै २०१४ मध्ये विषाणू परतल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले. सुप्त साठा किती चिवट असतो, हे त्या बालिकेने जगाला शिकवले.

बातमी कशी वाचावी

इतिहासात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, की साधन हाती आले की आधी त्याला प्रश्न विचारा. वैद्यकीय बातमीलाही तेच लागू आहे. प्रयोग भांड्यातील पेशींवर झाला, प्राण्यांवर झाला की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता काय? विषाणू जागा झाला एवढेच मोजले, की साठा कमी झाला हेही मोजले? आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवल्यावर विषाणू परतला की नाही? हे चार प्रश्न विचारले असते, तर मथळ्यातील प्रश्नचिन्ह त्या सकाळी गळून पडले नसते. त्या विद्यार्थ्याचा यात दोष नाही. प्रश्न कसे विचारावेत हे आम्ही त्याला शिकवायला हवे होते. यंदापासून परिपाठात वैज्ञानिक बातमी वाचली गेली, की हे चार प्रश्न विचारण्याची प्रथा आम्ही सुरू केली आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणाने शाळेत प्रवेश नाकारणे वा भेदभाव करणे त्याने निषिद्ध ठरवले आहे आणि संबंधित व्यक्तीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. वसतिगृहात एका पंक्तीत जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने, हस्तांदोलनाने हा विषाणू पसरत नाही. म्हणून आमच्या शाळेत कोण कोणती गोळी घेतो, याची चौकशी कोणी करू नये. रात्री ठरलेल्या वेळी गोळी घेणाऱ्याला पाण्याचा पेला मात्र कोणीही पुढे करावा.

शास्त्रज्ञ त्यांचे काम करीत आहेत. सुप्त विषाणूवरचा इलाज एक दिवस निघेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. तो निघाला तर त्याचा लाभ त्या दिवसापर्यंत निरोगी राहिलेल्यांना अधिक होईल. आणि निरोगी ठेवण्याचे सामर्थ्य आज तरी रोजच्या गोळीतच आहे.

हे सारे सांगून झाल्यावर आमचे पालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तण वर येतंय, पण वखर अजून धड चालत नाही. तोवर रोजचं निंदण सोडायचं नाही."

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला दहा पाने वाचूनही याहून नेमक्या शब्दांत देता आले नसते. ते उठले, मुलाच्या वसतिगृहाकडे जाण्यापूर्वी दाराशी थांबले आणि एआरटी केंद्राची पुढची तारीख आपल्या वहीत लिहिलेली आहे, हे त्यांनी आम्हांला उघडून दाखवले.